दहा महिन्यांचं डिपॉझिट आणि अर्धा लिटर दूध

दलालाला एक रुपयासुद्धा देणार नाही, अशी प्रतिज्ञा शेषगिरींनी केली तेव्हा ती करा असं त्यांना कोणीही म्हटलेलं नव्हतं. घरमालक रुद्राराध्यांनी नुकतंच, अत्यंत गोड शब्दांत, महिनाअखेर घर रिकामं करायला सांगितलं होतं. मुलाचं लग्न ठरलं होतं आणि होणाऱ्या सुनेला वरचा मजला हवा होता. सांगता सांगता त्यांनी शेषगिरींच्या हातावर साखरपुड्याचा लाडू ठेवला, त्यामुळे ही बातमी ऐकून नेमकं कसं तोंड करावं ते शेषगिरींना कळेना. लाडू खाताना त्यांनी "अभिनंदन" म्हटलं आणि लाडू संपल्यावर त्यांना अपमान वाटू लागला. तो कुठेतरी काढणं भाग होतं, आणि समोर शेजारचे नागभूषण उभे होते.

"एखादा चांगला दलाल गाठा," नागभूषण म्हणाले. "महिन्याचं भाडं घेतो, पण डोक्याला ताप नाही."

"महिन्याचं भाडं? कशाबद्दल?" शेषगिरी कडाडले. "कुलूप उघडून 'हा हॉल, हे किचन' म्हणण्याबद्दल? मला डोळे आहेत. हॉल मला दिसतो. दलालाला मी एक रुपया देणार नाही!"

'कशाबद्दल?' हा शेषगिरींचा व्यवसाय होता. बंगळुरातल्या एका सरकारी कचेरीत लेखापरीक्षण विभागात बसून गेली बावीस वर्षं ते दुसऱ्यांनी केलेल्या खर्चासमोर लाल शाईने हा एकच शब्द लिहीत आले होते. त्या शब्दाने भलेभले अभियंते रजेवर गेले होते. तेव्हा एका दलालाची ती काय कथा, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं.

त्यांच्या पत्नी वनजाक्षी दारातून सगळं ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "कुणाकडूनही घ्या. स्वयंपाकघराला खिडकी तेवढी हवी."

सध्याच्या स्वयंपाकघराला खिडकी होती, पण रुद्राराध्यांनी तिला चिकटून पाण्याची टाकी बांधल्याला आता चौदा वर्षं झाली होती. भरदुपारी दिवा लावून वनजाक्षी पोळ्या लाटायच्या. बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय हे त्या पुढच्या खोलीत डोकावून पाहायच्या. त्यांनी त्याबद्दल कधी भांडण केलं नाही, आणि नेमकं तेच शेषगिरींना खुपायचं. टाकी बांधली जात असताना आपण 'कशाबद्दल?' विचारलं नाही, याची त्यांना मनातून लाज वाटायची. म्हणून या खेपेस खिडकी मिळवायचीच, आणि तीही दलालाशिवाय, असं त्यांनी ठरवलं. पहिली गोष्ट प्रेमापोटी होती आणि दुसरी हट्टापोटी, पण माणूस दोन्हींची गाठोडी एकाच खांद्यावर घेतो.

रविवारी सकाळी टोपी, वही आणि पाण्याची बाटली घेऊन ते हनुमंतनगरच्या गल्ल्यांतून निघाले. फाटकाफाटकावर 'भाड्याने देणे आहे' अशा पाट्या होत्या. पहिल्या पाटीवरच्या नंबरला त्यांनी फोन लावला.

"हॅलो, चिक्कण्णा बोलतोय. वन बीएचके की टू बीएचके?"

"आपण मालक का?"

"मालकांचाच समजा, सार."

शेषगिरींनी फोन ठेवला आणि वहीत त्या घरावर काट मारली. पुढच्या गल्लीत दुसरी पाटी होती आणि नंबरही निराळा होता.

"हॅलो, चिक्कण्णा. मघाशी तुम्हीच ना, सार?"

तिसऱ्या पाटीवरचा फोन एका बाईंनी उचलला. शेषगिरींना हायसं वाटलं. त्यांनी आवाजात जमेल तेवढा गोडवा आणून विचारलं, "मालकीणबाई बोलताहेत का?"

"नाही हो, मी चिक्कण्णांची बायको. ते निघालेत, पाच मिनिटांत पोचतील. तुम्ही त्या कडुलिंबाखालीच उभे राहा, ऊन लागेल."

शेषगिरींनी वर पाहिलं. ते खरोखरच कडुलिंबाखाली उभे होते.

चिक्कण्णा आला तो एका केविलवाण्या स्कूटरवरून. माणूस दांडगा, खिशात तीन फोन आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो चालला की देवळातल्यासारखा आवाज व्हायचा. त्याने शेषगिरींना आपादमस्तक न्याहाळलं, वहीकडे पाहिलं आणि मनाशी काहीतरी ओळखून मान हलवली.

"घरं दाखवायचे दोनशे, सार."

"कशाबद्दल?"

"पेट्रोलचे."

"मी चालत येईन."

"मग मलाही चालावं लागेल. चालायचे तीनशे."

शेषगिरींनी दोनशे दिले. पण त्यांनी ते 'प्रवासखर्च' या सदराखाली दिले. प्रवासखर्च म्हणजे दलाली नव्हे, त्यामुळे प्रतिज्ञेला कुठेही धक्का लागला नव्हता. पुढच्या आठ दिवसांत याच न्यायाने त्यांनी 'किल्ली हाताळणी', 'चहापान' आणि 'पाटी काढून ठेवणे' अशी आणखी तीन सदरं उघडली. दलाली या सदरात मात्र शून्यच होतं, आणि संध्याकाळी ते ते शून्य वनजाक्षींना दाखवायचे.

नागभूषणही बरोबर येऊ लागले. त्यांचं स्वतःचं घर वडिलोपार्जित होतं आणि त्यांनी जन्मात कधी बिऱ्हाड हलवलं नव्हतं, त्यामुळे भाड्याच्या घरांबद्दल त्यांना फार गोष्टी ठाऊक होत्या. त्यांनी खिशात होकायंत्र ठेवलं होतं. दारात पाऊल ठेवलं की ते यंत्र तळहातावर घेऊन गोल फिरायचे आणि मग गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "ईशान्येला संडास. चला." अशी त्यांनी पाच घरं बाद केली. सहाव्या घरात ईशान्येला काहीच नव्हतं, तर ते म्हणाले, "काहीच नाही म्हणजे काय? काहीतरी हवं!"

नागभूषणांच्या तावडीतून जी घरं सुटली त्यांचे मालक भारी निघाले. एकाने शेषगिरींना नातेवाईक किती, त्यांतले मुक्कामाला येणारे किती आणि मुक्कामाला आल्यावर आंघोळीला किती बादल्या लागतात, असं विचारलं. दुसरीने मिक्सर किती वाजता लावता ते विचारून घेतलं आणि उत्तर ऐकून "आम्ही कळवू" म्हटलं. बावीस वर्षं दुसऱ्यांना प्रश्न विचारणाऱ्या माणसाला आपण तोंडी परीक्षेला बसलोय ही भावना काही सोसेना. घरी येऊन ते वनजाक्षींना म्हणाले, "त्या बाईने माझा पगार विचारला नाही, पण मी घोरतो का ते विचारलं!"

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं की तुला विचारावं लागेल."

"बरं झालं मला नेलं नव्हतंत," वनजाक्षी म्हणाल्या.

शेवटी चिक्कण्णाच एका संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. "सार, एक घर आहे. ते मी पाटीवर लावत नाही. मागे दोन गल्ल्या सोडून, तुंगम्मांचं. उद्या सकाळी वहिनींना घेऊन या. होकायंत्र आणू नका."

वनजाक्षी त्या घराच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि परत येईनात. शेषगिरी पाहायला गेले. ओट्यासमोर हातभर रुंद, चांगली मोठी खिडकी होती. पूर्वेची. खिडकीत जांभळाची एक फांदी आली होती, तिच्यावर खार बसली होती आणि पलीकडे कुणाच्या तरी गच्चीवर सांडगे वाळत होते. वनजाक्षी ओट्याला टेकून नुसत्या उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर ऊन होतं. ओट्याशी उभ्या असलेल्या आपल्या बायकोच्या चेहऱ्यावर ऊन कसं दिसतं, हे शेषगिरी साफ विसरून गेले होते. त्यांनी घाईघाईने नळ उघडून पाण्याचा दाब तपासला.

मालकीण तुंगम्मा खाली राहायच्या. पंचाहत्तरीच्या, काडीसारख्या बारीक, तोंडात सुपारी. कट्ट्यावर बसूनच त्यांनी मुलाखत घेतली.

"माझे डोळे गेलेत. कान शाबूत आहेत," त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. "वर टाचणी पडली तरी खाली मला कळतं. घरात तुम्ही काय काम करता?"

हा प्रश्न शेषगिरींना पहिल्यांदाच कुणी विचारला होता. त्यांची छाती फुगली. "रोज सकाळचं दूध मी तापवतो, अम्मा. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. एकदाही उतू जाऊ दिलेलं नाही. एक थेंब नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

तुंगम्मांनी सुपारी या गालातून त्या गालात घेतली. त्यांना ही गोष्ट फारशी आवडलेली दिसली नाही. पण त्या म्हणाल्या, "बरं. भाडं अठरा हजार, डिपॉझिट दहा महिन्यांचं. पैसे द्या, किल्ली घ्या. आषाढाच्या आत गृहप्रवेशाचं दूध उतू घाला. आषाढात माझ्या घरी कुणी राहायला येत नाही."

दहा महिन्यांचं म्हणजे एक लाख ऐंशी हजार. साठ हजार शेषगिरींनी साठवले होते. उरलेले एक लाख वीस हजार रुद्राराध्यांकडे डिपॉझिट म्हणून पडून होते. हिशेब इतका चोख जुळला की शेषगिरींना त्यात दैवी हात दिसला, आणि ते लाडू देणाऱ्या रुद्राराध्यांकडे मोठ्या विश्वासाने गेले.

रुद्राराध्य वही आणि पेन्सिल घेऊन वर आले. "घ्या ना स्वामी, तुमचेच पैसे आहेत," म्हणत त्यांनी भिंती पाहायला सुरुवात केली. रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापलं, ती रीतच होती. मग ते खिळे मोजू लागले. देवांच्या तसबिरी, कॅलेंडरं, लग्नाचा फोटो, पंचांग, बंद पडलेलं घड्याळ. प्रत्येक चौकट उचलून मागचा खिळा ते बोटाने चाचपायचे आणि मोठ्याने आकडा म्हणायचे. आकडा त्रेचाळीसवर थांबला.

"खिळ्यामागे पंचवीस."

"यातले अकरा आम्ही येण्याआधीपासून होते!" शेषगिरी ओरडले.

"होते की. त्यांचे मी आधीच्या भाडेकरूंकडून कापले होते."

"मग पुन्हा आमच्याकडून कशाबद्दल?"

"वापरले ना तुम्ही ते?" रुद्राराध्यांनी अतिशय मायेने विचारलं.

'कशाबद्दल?'ला एवढं सरळ उत्तर शेषगिरींना उभ्या नोकरीत कुणी दिलं नव्हतं. ते खुर्चीत बसले. त्याहून वाईट गोष्ट रुद्राराध्यांनी जिना उतरताना सांगितली: पैसे घर रिकामं झाल्यावर मिळतील, आधी नाही.

आता असं झालं, की घर सोडल्याशिवाय रुद्राराध्य डिपॉझिट देणार नव्हते. डिपॉझिट दिल्याशिवाय तुंगम्मा किल्ली देणार नव्हत्या. किल्लीशिवाय दूध उतू घालता येणार नव्हतं, आणि दूध उतू घातल्याशिवाय वनजाक्षी नव्या घरात सामान हलवू देणार नव्हत्या; म्हणजे जुनं घर सुटणार नव्हतं. शेषगिरींनी हे सगळं एका कागदावर बाण काढून मांडलं. बाण फिरून पुन्हा पहिल्या चौकटीत आले. कचेरीत असा कागद दुसऱ्या कुणी मांडला असता तर त्यांनी त्याला शाबासकी दिली असती.

नागभूषणांनी सल्ला दिला की भिशी लावा. तिचा नंबर लागायला अकरा महिने होते. वनजाक्षींच्या भावाने सांगितलं की पैसे आहेत, पण नुकतेच घातलेत, आणि कुठे घातलेत ते काही त्याने सांगितलं नाही. गुरुवारी दुपारी चिक्कण्णा धापा टाकत आला.

"सार, घोळ झालाय. अम्मांच्या हैदराबादच्या मुलाने मोबाइलवर परस्पर माणूस शोधलाय. तो पूर्ण डिपॉझिट ऑनलाइन भरायला तयार आहे. सोमवारी येतोय राहायला."

"सोमवारी? सोमवारी आषाढ लागतो!"

"तो मानत नाही, सार. दूधसुद्धा उतू घालणार नाही म्हणाला. सकाळी दुधाची पिशवीच घेत नाही, म्हणे, डबा घेतो पावडरीचा."

वनजाक्षी उठल्या. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी दिवा लावला. दुपारचे अडीच वाजले होते. दिव्याच्या बटणाचा तो आवाज ऐकून शेषगिरी उठले, त्यांनी पायांत चपला सरकवल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा एका दलालाला म्हणाले, "चिक्कण्णा, काहीतरी कर रे."

चिक्कण्णा तुंगम्मांच्या कट्ट्यावर तासभर बसून आला. "झालं. अम्मा म्हणतात, मुलाचा व्यवहार त्यांना कळत नाही. पण ज्या घरात एकाचं दूध उतू गेलं ते घर दुसऱ्याला देता येत नाही, एवढं कळतं. उद्या शुक्रवार, शेवटचा बरा दिवस. शनिवारी चतुर्दशी, रविवारी अमावास्या. उद्या साडेदहाला राहुकाळ लागतो. त्याआधी दूध उतू गेलं तर घर तुमचं, पैसे मागून. नाही गेलं तर सोमवारी पावडरवाला."

शुक्रवारी पावणेदहाला सगळी वरात नव्या घरी पोचली. नागभूषणांनी आपली छोटी शेगडी आणि पाच किलोचं सिलिंडर आणलं होतं. वनजाक्षींनी देवाची तसबीर, ती टांगायला हातोडी आणि खिळा, मीठ, तूरडाळ आणि रांगोळी आणली होती. अर्धा लिटर दूध आणि पातेलं शेषगिरींकडे होतं, कारण दूध हा त्यांचा प्रांत. तुंगम्मा एक एक पायरी चढत वर आल्या आणि पाटावर बसल्या. चिक्कण्णा मात्र उंबऱ्याबाहेरच थांबला.

शेगडी पूर्वेला तोंड करून हवी. खिडकीतून सूर्य सरळ ओट्यावर येत होता, त्यामुळे पूर्व कुठे हे आंधळ्यालाही कळलं असतं. तरी नागभूषणांनी होकायंत्र काढलंच. शेगडी बोटभर डावीकडे झाली, मग अर्धं बोट उजवीकडे. होकायंत्राची सुई शेगडीच्या लोखंडाकडे ओढली जात होती, हे ध्यानात यायला वीस मिनिटं गेली. दहा वाजून दहा मिनिटांनी तुंगम्मा म्हणाल्या, "यंत्र खिशात घाला, नाहीतर मी गिळून टाकीन." मग शेगडी पेटली. ज्योत बारीक होती.

"सिलिंडर भरलेलं आहे ना?" शेषगिरींनी विचारलं.

"भरलेलंच होतं," नागभूषण म्हणाले. "गेल्या दिवाळीला."

दूध तापू लागलं. वनजाक्षींनी तसबिरीला हळदकुंकू वाहिलं. सगळे पातेल्याकडे पाहत होते, आणि शेषगिरी सर्वांत जवळून पाहत होते. दहा एकवीसला कडेने बारीक बुडबुडे आले. दहा बावीसला साय थरथरली, मधोमध फुगली आणि दूध सरसर चढू लागलं. वनजाक्षींनी हात जोडले. दूध काठाशी आलं.

आणि शेषगिरींनी गॅस बंद केला.

बटणाचा कट् असा आवाज झाला आणि दूध निमूटपणे खाली बसलं.

"अहो!" वनजाक्षी एवढंच म्हणू शकल्या.

शेषगिरी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत राहिले. तो त्यांना न विचारता गेला होता. एकोणीस वर्षं रोज सकाळी सहा वाजता तो हेच करत आला होता, आणि आज काही वेगळं आहे असं त्याला कुणी कळवलं नव्हतं.

"एक थेंब नाही, म्हणाले होते," पाटावरून तुंगम्मा म्हणाल्या. "तेव्हाच मला शंका आली होती."

वनजाक्षींनी पुढे होऊन शेगडी पुन्हा पेटवली. "तुम्ही मागे व्हा. हात खिशात घाला." शेषगिरी एक पाऊल मागे झाले आणि त्यांनी दोन्ही हात पँटच्या खिशांत खोल घातले. ज्योत आता आणखी बारीक, निळसर झाली होती. दहा पंचविसाला दूध पुन्हा हललं, चढलं, काठाला लागलं. शेषगिरींनी हात खिशांत घट्ट आवळले, कमरेत वाकून मान पुढे काढली आणि जोरात फुंकर मारली.

दूध पुन्हा खाली गेलं.

"अहो, करताय काय!"

"मी नाही करत!" शेषगिरी रडकुंडीला आले होते. "होतंय! माझ्याकडून होतंय!"

"चार मिनिटं," नागभूषण घड्याळ पाहून म्हणाले. "आणि गॅस संपतोय."

शेषगिरींनी खिडकीकडे पाहिलं. जांभळाची फांदी, तिच्यावरची खार, ओट्यावर पसरलेलं ऊन. ही खिडकी आपण आपल्याच फुंकरीने घालवणार, हे त्यांना लख्ख दिसलं. "कुणीतरी मला धरा!" ते म्हणाले.

उंबऱ्याबाहेर चपला निघाल्याचा आवाज आला. किल्ल्या खणखणवत चिक्कण्णा आत आला. "माफ करा, सार," म्हणत त्याने शेषगिरींचे दोन्ही हात पाठीमागे ओढून आपल्या दांडग्या पंजात पकडले. नागभूषणांनी प्रसंगावधान राखून आपला तळहात त्यांच्या तोंडावर दाबला. सरकारी लेखापरीक्षण विभागातला एक ज्येष्ठ कर्मचारी, हात मागे बांधलेला, तोंड बंद केलेला, पातेल्यासमोर उभा होता. दूध चढू लागलं. शेषगिरींनी अंगातली सगळी ताकद लावून हिसडा दिला. चिक्कण्णाने दात आवळले. दूध काठावर आलं, क्षणभर विचार केल्यासारखं थांबलं, आणि मग चहूबाजूंनी, पूर्वेला जरा जास्तच, भरभरून ओघळलं. शेगडीवर फसफसलं, ज्योत विझली आणि सिलिंडरही संपलं. दहा एकोणतीस झाले होते.

"गेलं!" तुंगम्मांनी टाळी वाजवली. त्यांना ते दिसलं नव्हतं, पण ऐकू आलं होतं. त्यांनी कनवटीचा फोन काढला आणि हैदराबादला लावला. "हं, मी बोलतेय. इथे दूध उतू गेलं. घर गेलं. तुझ्या त्या पावडरवाल्याला सांग." फोन ठेवून त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि ती शेषगिरींना न देता वनजाक्षींच्या हातावर ठेवली. "पैसे तुमचा तो खिळेमोज्या देईल तेव्हा द्या."

वनजाक्षी हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. सांडलेल्या दुधाला त्यांनी फडकंसुद्धा लावू दिलं नाही. पातेल्यात जेवढं उरलं त्यात साखर घालून त्यांनी पेल्यांत थोडं थोडं ओतलं. प्रत्येकाच्या वाट्याला दोन घोट आले. पेले वाटताना शेषगिरींच्या लक्षात आलं की चिक्कण्णा पुन्हा उंबऱ्याबाहेर जाऊन चपला घालतोय.

"कुठे निघालास? आत ये. दूध घे."

"राहू द्या, सार. मी इथेच बरा."

"इथेच का?"

चिक्कण्णा ओशाळला. "सवय आहे. वीस वर्षांत सहा-सातशे घरं लावली असतील. आतलं दूध झालं की लोक जिन्यातच पैसे हातावर ठेवतात आणि दार लावून घेतात. शुभकार्यात दलाल कशाला मध्ये, म्हणतात."

शेषगिरींना आपली प्रतिज्ञा आठवली, सगळी सदरं आठवली, आणि संध्याकाळी मिरवलेलं ते शून्यही आठवलं. त्यांचे कान तापले. त्यांनी चिक्कण्णाला दंडाला धरून आत आणलं, पाटावर तुंगम्मांशेजारी बसवलं आणि आपला पेलाही त्याच्या पेल्यात ओतला. मग खिशातून पाकीट काढून त्यांनी तुंगम्मांना द्यायला आणलेल्या पैशांतले अठरा हजार मोजले. मोजताना त्यांचा हात एकदाही अडखळला नाही. फक्त इतक्या वर्षांची सवय एकदम जाणार कशी? ते म्हणाले, "पावती लागेल."

चिक्कण्णाने वहीचं पान मागून घेतलं आणि लिहिलं: 'शेषगिरी सार यांजकडून रुपये अठरा हजार मिळाले.' मग त्याने वर पाहिलं. "कशाबद्दल लिहू, सार?"

हा प्रश्न आजवर शेषगिरींनाच कुणी विचारला नव्हता. त्यांनी मनातल्या मनात सगळी सदरं चाळून पाहिली. तोवर चिक्कण्णाने स्वतःच पुढे लिहून टाकलं: 'दोन्ही हात धरल्याबद्दल.' शेषगिरींनी ते वाचलं, खिशातलं लाल पेन काढलं आणि खाली सही करून लिहिलं, 'मंजूर.'

मंडळी गेल्यावर घर एकदम रिकामं आणि मोठं वाटू लागलं. वनजाक्षी खिडकीशी उभ्या होत्या. खारीला तूरडाळीचे चार दाणे घालून झाले होते. मग त्यांनी भिंतीला टेकवलेली देवाची तसबीर उचलली. "अहो, ही लावा ना."

"आत्ता? आज ओट्यावरच असू दे की." शेषगिरींच्या डोळ्यांसमोर त्रेचाळीस भोकं उभी राहिली. "नवी भिंत आहे. चांगला रंग आहे."

"पहिल्याच दिवशी देव ओट्यावर? ही घ्या हातोडी."

त्यांनी हातोडी घेतली. भिंतीवर जागा शोधली, ती दोनदा बदलली, खिळा चिमटीत धरला, श्वास रोखला, आणि अगदी हलक्या हाताने, परक्याच्या घरी खोकावं तसे, दोन ठोके घातले.

खालून, कट्ट्यावरून, सुपारी चघळता चघळता तुंगम्मांचा खणखणीत आवाज आला:

"एक!"